फॉर्मवालीची पेन्सिल

तिचं खरं नाव संस्थेच्या हजेरीपटात होतं, तेवढंच. टेकडीवरच्या बिनलिफ्टच्या इमारतींत तिला सगळे फॉर्मवाली म्हणायचे. जिन्यात तिची चप्पल वाजली की पोरं ओरडायची, "फॉर्मवाली आली!" आणि दारातली बाई म्हणायची, "या हो, आधी पाणी प्या, मग विचारा आमच्या ह्यांचं वय. खरं सांगतील तर शपथ."

सव्वीस वर्षं हेच काम. काखेत पुठ्ठ्याचं पॅड, चिमट्यात फॉर्म, कानामागे पेन्सिल. पेन संस्थेचं, पेन्सिल मात्र स्वतःची. पेनानं चौकोनात खूण करायची. पण माणूस असं काही बोलला की ते एकाही चौकोनात बसत नाही, तर ते पेन्सिलीनं कडेच्या कोऱ्या पट्टीत लिहून ठेवायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. घासातला खडा जसा आपण ताटाच्या कडेला काढून ठेवतो, फेकून देत नाही, तसंच ते. जेवण संपल्यावर दाखवायचा असतो ना, तांदूळ निवडणाऱ्याला!

ती होती त्या संस्थेचं काम म्हणजे विचार करणं. हसू नका. विचार करायचा पगार घेणारी माणसं असतात. कुठं शाळा काढावी, कुठली बस बंद करावी, याचा ही मंडळी अभ्यास करतात, जाड अहवाल छापतात आणि पालिकेला देतात. पालिकाही बरेचदा त्यांचं ऐकते, कारण स्वतः विचार करण्यापेक्षा ते सोपं.

आता विचार वरच्या मजल्यावर गार हवेत व्हायचा, पण त्याला लागणारा शिधा आणायचा कुणी? फॉर्मवालीनं. आठवी शिकलेली. आधी चार वर्षं हातमोजे शिवायच्या कारखान्यात, मग लसीचा डबा खांद्याला लावून दारोदार. दार किती उघडलं यावरून घरात काय चाललंय ते तिला कळायचं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. तो म्हणायचा, "माझं नशीब बघा. मी जगाला जिने चढायचे वाचवतो आणि माझीच बायको दिवसाला साठ मजले चढते."

त्या वर्षी अभ्यास होता टेकडीवरच्या दवाखान्याचा. दोन खोल्यांचा दवाखाना, सकाळी एक डॉक्टर, आणि दिवसभर एक नर्सबाई. नर्सबाई दुपारी पिशवी उचलायची आणि ज्यांना खाली उतरता येत नाही त्यांच्याकडे वर चढायची. पट्टी बदल, सुई टोच, रक्तदाब बघ, वर दोन शिव्या खा, कारण सुई दुखतेच.

म्हातारी माणसं असलेली दोनशे चाळीस घरं फॉर्मवालीला दिली होती. सगळ्या घरांत ती गेली. चौथ्या मजल्यावर शिंपीकाका राहायचे. पायाला जखम, ती साखरेमुळे भरतच नव्हती. चार वर्षांत काका रस्त्यावर उतरले नव्हते, पण मशीन खिडकीशी होतं आणि रस्त्यावर कुणाची बाही तिरकी बसलीय ते त्यांना वरून दिसायचं.

फॉर्मवालीनं विचारलं, "काका, तुम्ही या दवाखान्यात जाता का?"

"मी? मी कुठला जातो बाई! उतरायला निघालो तर संध्याकाळ व्हायची आणि चढायला चार माणसं लागायची. जात नाही, लिही."

तिनं 'नाही'वर खूण केली. पुढचा प्रश्न होता, जात नसल्यास का? त्याला तीन चौकोन. दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. दवाखाना लांब आहे. गरज पडत नाही. फॉर्मवालीनं तिन्ही पुन्हा पुन्हा वाचले. तिन्ही खोटे. दवाखाना लांब कुठला, खिडकीतून दिसत होता. तिनं चौकोन कोरे ठेवले आणि कडेला पेन्सिलीनं लिहिलं, "नर्सबाई घरी येतात. पायाची पट्टी. आठवड्यातून दोनदा."

अशी घरं बरीच निघाली. गठ्ठा देताना तिनं डॉक्टरबाईंना सांगितलं. डॉक्टरबाई म्हणजे अहवाल लिहिणाऱ्या. औषधाच्या नव्हेत, अभ्यासाच्या डॉक्टर, परदेशातून झालेल्या. "मॅडम, कडेचं तेवढं वाचा हं. त्यातच खरं आहे."

"हो हो, बघते," डॉक्टरबाई म्हणाल्या. बघते म्हणजे काय, हे सव्वीस वर्षांनीही फॉर्मवालीला कळू नये, हीच तिची चूक.

अहवाल छापून आला त्या दिवशी मोठा हॉल घेतला होता. फॉर्मवालीला दारापाशी टेबल दिलं होतं. येणाऱ्याला छातीवरचा बिल्ला द्यायचा, हातात पुस्तक द्यायचं आणि हसायचं. माणसं यायला वेळ होता म्हणून तिनं पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर 'आमचं नेतृत्व'. सहा फोटो आणि प्रत्येकाखाली त्याची कुंडली. एक संचालकसाहेब, सरकारात सचिव होते, निवृत्त झाल्यावर घरी बसवेना. एक बँकवाले. एक बिस्किटांच्या कंपनीत बिस्किटं कशी खपवावी ते बघायचे. एकांनी वर्तमानपत्र चालवलं होतं आणि बंद पाडलं होतं, पण बंद पाडल्याचं लिहिलं नव्हतं. एक डॉक्टरबाई. आणि सहावे कुणाचे तरी जावई; तेही लिहिलं नव्हतं, पण झाडूवालीलासुद्धा ठाऊक होतं. कुणी किती देश फिरलं, कुणाला कुठलं पदक, सगळं होतं. या सहांतलं टेकडी कोण चढलंय, एवढं मात्र कुठे दिसेना.

बरं, असू दे. मोठी माणसं, मोठी कुंडली. तिला त्याचा राग नव्हता आला. राग आला एकतिसाव्या पानावर.

तिथं ठळक अक्षरांत छापलं होतं, "दर तीन घरांपैकी एका घराला या दवाखान्याची गरज नाही." आणि खाली, म्हणून दवाखाना बंद करून तो खालच्या मोठ्या इस्पितळात विलीन करावा.

गरज नाही? तिनं स्वतःच्या हातानं त्या चौकोनात किती खुणा केल्या होत्या ते तिला पाठ होतं. नऊ! मग बाकीची घरं कुठून आली? आणि मग तिच्या लक्षात आलं. कोरे! कोरे चौकोन यांनी 'गरज नाही'त ढकलले होते. ज्यांना सगळ्यांत जास्त गरज, ज्यांच्यासाठी एक बाई पिशवी घेऊन चार चार मजले चढते, तीच माणसं यांनी बिनगरजेची ठरवली होती.

भाषणं झाली. संचालकसाहेब म्हणाले, "कुणाला काही प्रश्न?" दाराशी एक हात वर झाला. दुसऱ्या हातात बिल्ल्यांचा डबा तसाच. साहेबांनी पाहिलं आणि गोड हसून म्हणाले, "बाई, चहाचं जरा बघता का? पाहुणे खोळंबलेत."

सगळा हॉल हसला. वाईट नाही, आपलं प्रेमानंच. ते प्रेम घशाखाली उतरवून फॉर्मवाली चहाचं बघायला गेली.

खरा तडाखा आठ दिवसांनी बसला. पालिकेनं दवाखान्याच्या दारावर कागद लावला, पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून बंद. नर्सबाईनं तिला रस्त्यातच गाठलं. "फॉर्म तूच भरलेस ना गं? माझ्या पिशवीचे बंद तुटेपर्यंत मी चढले, आणि तू लिहिलंस गरज नाही?"

"मी नाही लिहिलं."

"मग कुणी, भुतानं?"

ती तशीच शिंपीकाकांकडे गेली. काकांनी दार साखळीएवढंच उघडलं. सव्वीस वर्षांत तिच्यासाठी त्या टेकडीवर एकही दार साखळीवर अडकलं नव्हतं. आतून काका म्हणाले, "तुला मी पाणी दिलं होतं, पोरी. पाय उघडा करून दाखवला होता. परत नको येऊस."

दार लागलं. फॉर्मवाली जिन्यात बसली. तिच्याकडे दुसरी काय कमाई होती? पदक नाही, पदवी नाही. ही दारंच होती. ती आता एकेक करून बंद होणार होती, आणि तीही दुसऱ्याच्या चुकीनं, तिच्या नावावर.

घरी नवरा म्हणाला, "अगं, सोड ना. मोठ्या लोकांच्या नादाला कोण लागतं?"

"तुमची लिफ्ट मधेच अडकली आणि आत माणूस असला, तर तुम्ही सोडता का?"

"ती गोष्ट वेगळी."

"काय वेगळं?"

नवऱ्यानं डोकं खाजवलं. "काही नाही," म्हणाला. "जा तू."

दुसऱ्या दिवशी ती थेट वरच्या मजल्यावर. संचालकसाहेबांच्या खोलीत डॉक्टरबाई होत्या, आणि खिडकीपाशी बँकवाले वर्तमानपत्र चाळत बसले होते. तिनं एका दमात सगळं सांगितलं. साहेबांनी समजूत घातली, "हे बघा बाई, उत्तर कोरं असेल तर ते कशात तरी धरावं लागतं. तशी पद्धत असते. तुम्ही उगाच मनाला लावून घेता."

"पद्धत कुणाची?"

"अभ्यासाची."

"आणि कडेला लिहिलं होतं ते?"

डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "संगणकात कडेच्या मजकुराला रकानाच नव्हता हो."

"रकाना नव्हता म्हणून माणूस नव्हता?" फॉर्मवालीचा आवाज चढला. मग ती खिडकीकडे वळली. "साहेब, तुम्ही बँकेत होता. पुस्तकात वाचलं मी. गिऱ्हाइकानं पैसे काढायची चिठ्ठी सही करून दिली आणि आकडा लिहायचा राहिला, तर तुम्ही तुमच्या मनानं आकडा टाकायचात?"

बँकवाल्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. पुस्तकात त्यांच्या फोटोखाली तीन दशकांचा अनुभव असं काहीतरी भारदस्त होतं, पण त्यातली पहिली अकरा वर्षं त्यांनी काउंटरच्या जाळीमागे काढली होती. ते कुठे छापलं नव्हतं, एवढंच.

"टाकला असता तर दुसऱ्या दिवशी घरी बसलो असतो," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाला परत बोलवायचं असतं." मग संचालकांकडे बघून, "गठ्ठे आणायला सांगा."

"आत्ता? अहवाल छापून झालाय."

"म्हणूनच आत्ता."

लांब टेबलावर दोनशे चाळीस फॉर्म पसरले. फॉर्मवाली काढून देई, डॉक्टरबाई कडेचं वाचत, बँकवाले मोजत. "नर्सबाई येतात, सुई." "नर्सबाई येतात, महिन्यातून एकदा, आजी अंथरुणाला." "नर्सबाई येतात, त्या आल्या नाहीत तर दिवसभर कुणीच येत नाही." हे वाचून डॉक्टरबाई थांबल्या आणि त्यांनी पाण्याचा पेला उचलला. फॉर्मवालीनं त्यांच्याकडे बघितलं नाही. तिला दया करायची नव्हती, निदान त्या दिवशी नाही.

'गरज नाही'त ऐंशी घरं धरली होती. खरी नऊ. कोरी एकाहत्तर, आणि त्यांतल्या अडुसष्टांच्या कडेला नर्सबाई.

संचालकसाहेब म्हणाले, "ठीक आहे. शेवटच्या पानावर शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवू."

"चिठ्ठी शेवटच्या पानावर," फॉर्मवाली म्हणाली, "आणि कुलूप पुढच्या दाराला! शेवटचं पान कोण वाचतं, साहेब? एकतिसावं पालिकेनं वाचलं. तिथं जाऊन सांगा, आम्ही चुकलो."

"संस्थेच्या नावाचा प्रश्न आहे, बाई."

"माझ्या नावाचं काय? तुमचं नाव पुस्तकात आहे, पुसलं तर पुन्हा छापाल. माझं दारात होतं."

बँकवाल्यांनी कागद ओढला, पालिकेला पत्र लिहिलं आणि सही ठोकली. संचालकसाहेबांनी जरा वेळ छताकडे पाहिलं, मग त्यांनीही सही केली, आणि बँकवाल्यांच्या वर केली. संस्थेच्या पत्रात आपली सही नसणं किंवा खाली असणं, या दोन्ही गोष्टी त्यांना पटण्यासारख्या नव्हत्या.

पालिकेनं दारावरचा कागद काढला आणि दुसरा लावला, 'फेरविचार होईपर्यंत दवाखाना चालू राहील.' चुकलो असं पालिकेनं म्हटलं नाही. पालिका तसं म्हणत नसते. पण नर्सबाईची पिशवी पुन्हा जिने चढू लागली.

अहवाल पुन्हा छापायचा ठरला, तेव्हा संचालकसाहेब स्वतः खाली आले. "बाई, या खेपेला तुमचाही फोटो टाकू. परिचयाच्या दोन ओळी द्या."

"फोटो राहू दे," ती म्हणाली. "कडेचं सगळं छापा. अडुसष्टच्या अडुसष्ट ओळी, नावं न घालता. माझा परिचय त्यातच आला."

साहेब बघतो म्हणाले. या वेळी ती हलली नाही, प्रेसला जाणारा कागद डोळ्यांनी बघेपर्यंत त्यांच्या दारात उभी राहिली.

पुस्तक आल्यावर ती शिंपीकाकांकडे गेली. काकांनी साखळी काढली, पण माफीबिफीचं काही बोलले नाहीत. पाण्याचा पेला पुढे केला. तिनं त्यांची ओळ वाचून दाखवली. काकांनी पुन्हा वाचायला लावली. मग पहिलं पान उघडून सहा फोटो निरखले, चष्मा वर-खाली करून.

"कोट चांगले शिवलेत," ते म्हणाले. "यांचे पाय कसे आहेत गं?"

"चांगले आहेत की, काका. धडधाकट."

"मग वर का येत नाहीत?"

फॉर्मवालीनं कानामागची पेन्सिल काढली आणि काकांचा तो प्रश्न सहा फोटोंच्या कडेला, कोऱ्या पट्टीत, जसाच्या तसा लिहिला. ती प्रत तिनं दुसऱ्या दिवशी संचालकसाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली, उघडीच.