अनुमोदक पाहिजे

चेअरमन होण्यासाठीच जन्माला आलेलं एकच माणूस अख्ख्या देवळाली प्रवरात मी पाहिलं, आणि ते म्हणजे आमच्या शेजारच्या काकू. गावच्या दूध संस्थेत महिलांच्या राखीव जागेवर त्या संचालक झाल्या आणि त्यांच्या घरात रोजच सभा भरू लागली. संध्याकाळी स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "आज पिठलं. सूचक मी. अनुमोदक कोन?" पेपरामागून काकांचा हात वर आल्याशिवाय कढई गॅसवर चढायची नाही. नातवाच्या बारशाला व्याही वेळेवर पोचले नाहीत, तर काकूंनी कोरमअभावी बारसं तहकूब केलं आणि अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा भरवलं. बाळ तोवर बिननावाचं रडत होतं. मी एकदा चहा नको म्हणालो, तर "विरोध नोंदवून घेतला" म्हणत त्यांनी कप माझ्या हातात दिलाच.

संस्थेत मात्र काकूंच्या हाती कायम तबक. कुणाचाही सत्कार निघाला की शाल-नारळ धरून उभं राहायला महिला संचालक! एकदा त्यांनी भर कार्यक्रमात माईकवर सांगितलं, "तबक धरून धरून हात लई बळकट झाल्यात. आता खुर्ची बी धरता यील." सगळे खो खो हसले. काकू मनापासून बोलल्या होत्या.

यंदा चेअरमनची निवड लागली आणि काकू उभ्या राहिल्या. राखीव जागा दोनच. एकीवर काकू, म्हणजे उमेदवार; दुसरीवरच्या बाई सूचक झाल्या. अनुमोदक पुरुषांतूनच निघायला हवा होता. "समदे आपलेच हायेत," काकू म्हणायच्या, आणि त्यातल्या प्रत्येकानं त्यांच्या हातचं पिठलं खाल्लंही होतं. पण सकाळी संस्थेच्या सभेच्या खोलीत निवडणूक अधिकाऱ्यांनी अनुमोदक कोण म्हणून विचारलं, तेव्हा एकजण पंखा बघू लागला, एकाला फोन आला, एकाला एकाएकी खोकला आला. त्याच संध्याकाळी काकूंनी आम्हाला प्रत्येकाची अशी हुबेहूब नक्कल करून दाखवली की हसून हसून माझं पोट दुखलं. मग त्या उठून आत गेल्या.

आतून नेहमीचा आवाज आला नाही, नुसती फोडणी चरचरली. काकांनी तरीही हात वर केला.

"आवो, सूचना कुटं मांडलीय आजून?" काकू दारात येऊन म्हणाल्या.

"पुढल्या चेअरमनकीला अनुमोदन हाय."

"तुमी कुटं संचालक हाय?" काकू हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

काका हात खाली घेईनात. मला फार वाईट वाटलं. सकाळी त्या खोलीत एवढा एकच हात हवा होता.