बोर्गहिलचं मोठं पिंप

नॉर्वेतल्या आमच्या होर्निनदालमध्ये घरात बिअर आंबवायचं पिंप केवढं आहे त्यावरून त्या घरात माणसांचा राबता किती ते कळतं. बोर्गहिलकडे दीडशे लिटरचं लाकडी पिंप. बिअरसाठी नाव व्हायचं तिच्या नवऱ्याचं, रायदारचं. पण बिअरच्या पाण्यात ज्युनिपर झुडपाच्या फांद्या उकळण्यापासून भांडी घासण्यापर्यंत राबायची ही. बाई फटकळ. शाळेची बस चालवायची तेव्हा उशिरा येणाऱ्या पोराला टाकून तडक निघायची आणि वळणावरून बस परत आणायची.

बिअर आंबून तयार झाली की ती पिंपातून उपसायच्या दिवशी शेजारी चव घ्यायला जमतात. बोलावणं करायची पद्धत नाही, बातमी आपोआप फिरते. पण वसंतात रायदार गेला आणि दफनानंतर तिच्या अंगणात कोणी फिरकलं नाही. आमची माणसं दुःखातल्या घराला लांबूनच जपतात. मला त्याची चीड येते, पण मीही इथलाच.

नाताळाच्या तोंडावर तिने बिअर करायला घेतली. माल्ट, म्हणजे बिअरसाठी मोड आणून वाळवलेलं धान्य, आणलं जेमतेम पंचवीस लिटरपुरतं. मी माझी तीस लिटरची झाकणाची बादली घेऊन गेलो.

"ही घे. वर फेसापुरती जागा राहील, बस. त्या पिंपात तुझी बिअर तळाला जाऊन बसेल. ऊबसुद्धा धरणार नाही."

"घोंगड्या गुंडाळेन."

"आणि फेस बसल्यावर? वर नुसती हवा. आंबट व्हायला कितीसा वेळ लागतो?"

"शिकवतोस कुणाला? रायदारला मापाचं भांडं मी काढून द्यायचे."

"मग हा वेडेपणा कशाला?"

"स्टायनार, बादली घरी ने."

माझं डोकं फिरलं. दुकानात भेटेल त्याला मी सांगत सुटलो की बोर्गहिलने घोटभर बिअर पिंपात घातलीय, लगेच संपवली नाही तर नासणार.

उपसायच्या दिवशी मी गेलो तर अंगणात गाड्या लावायला जागा नव्हती. दुःखात न डोकावणारी माणसं बिअर वाया जाते म्हटल्यावर धावत आली होती. लाकडी वाडगा हातोहात फिरत होता. कोणीतरी रायदारची आठवण काढली, मग सगळेच बोलायला लागले. बिअर उत्तम झाली होती, हे मला कबूल करावं लागलं.

"उरलेली आजच बाटल्यांत भर," मी तिला म्हणालो. "अजून वाचेल."

"उरू देणार नाही."

"माझी बादली घेतली असतीस तर फेब्रुवारीपर्यंत पुरली असती गं."

"पुरली असती," बोर्गहिल म्हणाली. "आणि फेब्रुवारीपर्यंत मी एकटी पीत बसले असते."