समुद्रकाठी भिजत ठेवलेला गंज
भंडाऱ्याच्या बाजारात पितळेची भांडी चिंचेनं घासतानाचा आंबट वास आला की मला कोकणातला एक निर्जन किनारा आठवतो. मुलीच्या हट्टापायी आम्ही तिघं कयाक वल्हवत तिथे गेलो आणि तंबू ठोकला. बायकोनं तिच्या आईनं दिलेल्या पितळी गंजात भात शिजवला. तळाला लागलेली खरवड सुटावी म्हणून, आपण तलावाकाठी ठेवतो तसाच, मी तो गंज पाण्याच्या कडेला भिजत ठेवला. "वर ठेवा जी," बायको म्हणाली. "पानी काय चालत येते काय?" मी म्हणालो. दुपारी डोळा लागला आणि भरती आली. ओहोटीत आम्ही खूप शोधलं, पण गंज मिळाला नाही. "समुद्राले तलाव समजले काय जी तुमी?" म्हणत बायको हसली, पण परतताना मागं वळून वळून किनाऱ्याकडे बघत राहिली. परवा सासूबाई राहायला आल्या. "बाई, माहा गंज कुठं गेला वो?" मी तोंड उघडण्याआधी बायको म्हणाली, "माह्याच हातून हरवला, आई." सासूबाई तिलाच बोलत राहिल्या, मी मान खाली घालून जेवत राहिलो. उद्या सकाळच्या एसटीनं त्या जाणार आहेत आणि मी अजून खरं सांगितलेलं नाही.