लाइटचा आठवडा

मी डेटा सायंटिस्ट आहे आणि एका मराठी टीव्ही वाहिनीच्या नाशिकच्या कार्यालयात काम करते. सोसायटीतल्या एका काकूंना हे दोनदा समजावून सांगितलं, तरी त्या जिन्यात भेटल्या की विचारतात, "मग तू बातम्यांत दिसणार कधी?" माझं काम दिसण्याचं नाही. लोक कोणता कार्यक्रम कधी लावतात, कुठे चॅनल बदलतात, याची माहिती सेट-टॉप बॉक्समधून आमच्याकडे येते. तिच्यातून काय कळतं ते मुंबईच्या मुख्यालयाला सांगायचं, एवढंच.

पुण्यातली नोकरी सोडून मी घरी परत आले, तेव्हा गंगापूर रोडवरच्या या कार्यालयात आकड्यांचं काम करणारी मी पहिलीच. बाकी सगळे वार्ताहर आणि कॅमेऱ्याची माणसं. मला बसवायचं कुठे, हा पहिल्या दिवशी प्रश्नच होता. तेव्हा शेतीचा कार्यक्रम करणाऱ्या सरांनी आपल्या टेबलावरच्या फायली उचलून खिडकीत ठेवल्या आणि म्हणाले, "अर्धं टेबल तुमचं, मॅडम. माझं सामान तसंही बियाण्यांच्या पुड्यांपलीकडे काही नाही."

सर तेव्हा निवृत्तीला आले होते. रोज दुपारी दोन वाजता, कार्यालयातल्याच छोट्या स्टुडिओतून, ते शेतकऱ्यांचे फोन घ्यायचे. कुणाच्या द्राक्षावर भुरी, कुणाचा टोमॅटो करपलेला. सोबत कृषी विद्यापीठातले कुणी तज्ज्ञ असायचे, पण बरीचशी उत्तरं सरांना आधीच ठाऊक असायची. ते मुद्दाम तज्ज्ञांना बोलू द्यायचे. पडद्यावर त्यांची भाषा स्वच्छ पुस्तकी. भावाचा फोन आला की मात्र खुर्चीत मागे रेलून "काय म्हंतो, पाऊस हे का तिकडं?" सुरू व्हायचं.

मला नोकरीला लागून सहा महिने झाले असतील. मुंबईहून निरोप आला की खर्च कमी करायचाय, तर कोणते कार्यक्रम बंद केले तर चालतील ते सांगा. मी मन लावून काम केलं. गेल्या वर्षभराची माहिती घेतली, प्रत्येक कार्यक्रमाची महिन्याची सरासरी काढली, पुढच्या वर्षीचा अंदाज बांधला. यादीत सगळ्यात खाली आला तो सरांचा कार्यक्रम.

मी ते तसंच लिहून पाठवलं. खोटं काही लिहिलं नव्हतं. पण पाठवल्यावर चार दिवस मी त्याच टेबलावर त्यांच्यासमोर बसून चहा प्यायले आणि त्याबद्दल एक शब्द बोलले नाही. त्यांनी घरून आणलेल्या थालीपिठातला तुकडासुद्धा घेतला. आजही थालीपीठ समोर आलं की ते आठवतं.

पाचव्या दिवशी त्यांना मुंबईचं पत्र आलं: माझ्या अहवालानुसार कार्यक्रम बंद. त्यांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि मला विचारलं, "मॅडम, अर्धा तास आहे का?"

आता ऐकून घ्यावं लागणार, अशी मी मनाची तयारी केली. ते म्हणाले, "हे तुम्ही कसं मोजता, ते मला दाखवाल? एवढी वर्षं मी कॅमेऱ्याकडे बघून बोलतोय. पलीकडे कोण बसलंय, हे कधी पाहिलंच नाही."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. मी तो शोधत होते, म्हणून नक्की सांगते. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि आलेख दाखवला. तळाशी एक रेघ, सपाट.

"ही महिन्याची. रोजची नसते का?"

"असते सर, पण ती फार वरखाली होते. त्यातून काही कळत नाही, म्हणून सरासरी घेतो."

"दाखवा तर. आणि एकाच तालुक्याची दाखवा. आमची दिंडोरी."

मी दिंडोरीची रोजची रेघ काढली. काही दिवस वर, मग एकदम खाली, मग पुन्हा वर. मी ती आधीही पाहिली होती आणि माहिती येण्यातला बिघाड समजून सोडून दिली होती. सर पुढे वाकले. बोटाने पडद्यावर एकेक दिवस मोजू लागले. सात दिवस वर, सात दिवस खाली. पुढेही तसंच. मग त्यांनी खिशातून फोन काढून भावाला लावला.

"ऐक ना, मागच्या आठवड्यात लाइट कधीची होती? दिवसाची का रातची?"

पलीकडून उत्तर आलं, "दिवसाची. आता या सोमवारपासून रातची हे."

सरांनी फोन ठेवला आणि मागच्या आठवड्याच्या खाली गेलेल्या रेघेवर बोट ठेवलं. मला काहीच उमगलं नव्हतं. मी शहरात वाढलेली. आमच्या घरी लाइट म्हणजे बटण. मग त्यांनी सांगितलं की शेतातल्या मोटारींना लागणारी वीज गावात पाळीने येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दिवसाची पाळी असली की घरातली सगळी माणसं पाणी भरायला शेतात. रात्रीची असली की रात्रभर जागून दुपारी घरी.

"म्हणजे एक आठवडा आड हे लोक घरीच नसतात," मी म्हणाले.

"उद्या सकाळी जाऊन विचारूनच येऊ," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या जुन्या गाडीतून आम्ही त्यांच्या गावी गेलो. भाऊ बाजार समितीत गेले होते. वहिनी ओट्यावर बसून गुलाबाच्या जुड्या बांधत होत्या. सरांनी माझी ओळख करून दिली, ती अशी: "या आमच्या मॅडम. टीव्ही कोण बघतं ते मोजतात."

वहिनींनी हातातली जुडी खाली ठेवली. "तिथं बसून कसं कळतं ओ ताई, आमचा टीव्ही चालू हे का बंद?"

मी सांगितलं की टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सच्या डबीतून निरोप येतो. त्या हसल्या. "मंग त्या डबीला इचारा ना, दिवसाची लाइट असल्यावर दोन वाजता आम्ही कुठं असतो ते! हे मोटारीपाशी, मी वाफ्यात. भाऊजींचा कार्यक्रम लय चुकतो. मागं गुलाबावर भुरी आली, तवा नेमकं भाऊजींनी तेच सांगितलं टीव्हीवर, अन् मी तिकडं पाणी धरून उभी. आठ दिवसांनी कळलं."

"मला फोन करायचा ना मग," सर म्हणाले.

"घरच्या माणसाला कोण फोन करतं रोग इचारायला?" त्या म्हणाल्या, आणि आम्ही तिघंही हसलो. मग जुडी उचलत म्हणाल्या, "संध्याकाळी लावा ना एकदा. जेवण करता करता ऐकू तरी येईल."

निघताना त्यांनी आपल्या मुलाच्या मोबाइलवरून विजेच्या पाळीच्या वेळापत्रकाचा फोटो मला पाठवला. कार्यालयात येऊन मी एकेका तालुक्याचं वेळापत्रक मिळवत गेले आणि माझ्या आकड्यांशेजारी लावत गेले. निफाड, सिन्नर, चांदवड. प्रत्येक ठिकाणी पाळीचे आठवडे वेगळे, म्हणून सगळं एकत्र केल्यावर रेघ सपाट दिसत होती. रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात सरांचा कार्यक्रम दुपारच्या कोणत्याही मालिकेच्या बरोबरीने बघितला जात होता.

सापडल्याचा आनंद तासभर टिकला. मग लक्षात आलं की आता मुंबईला सांगायचंय, माझा अहवाल चुकला. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी सरांना म्हणाले, "मी सरळ सांगून टाकते." ते म्हणाले, "सांगा. मी शेजारीच बसतो."

व्हिडिओ कॉलवर मी आधी चूक कबूल केली आणि मग नवे आलेख दाखवले. मुंबईच्या साहेबांनी विचारलं, "हे आधी का नाही पाहिलंत?" "रोजची रेघ मी बिघाड समजून सोडून दिली," मी म्हणाले. तेव्हा सरांनी बोलायची परवानगी मागितली.

"साहेब, मी त्याच तालुक्यातला. माझ्या घरात ही पाळी आहे. पंचवीस वर्षं हा कार्यक्रम करतोय, आणि माझे निम्मे प्रेक्षक एक आठवडा आड हजर नसतात, हे मलाही सुचलं नव्हतं. यांच्या आलेखात ते दिसलं. यांनी ती माहिती जपून ठेवली नसती, तर मी निवृत्त होईपर्यंत रिकाम्या खोल्यांशी बोलत राहिलो असतो."

साहेबांनी दिंडोरीचा आलेख पुन्हा दाखवायला सांगितला. मग म्हणाले, तीन महिने संध्याकाळी पुनःप्रसारण करून बघू.

तीन महिन्यांनी कार्यक्रम राहिला. दुपारचाही आणि साडेसातचाही. यादीतले दुसरे दोन मात्र बंद झाले. त्यांच्या रोजच्या रेघाही मी नंतर काढून पाहिल्या. काही सापडलं नाही. पण ते बघणाऱ्या गावांतलं कुणी माझ्या शेजारी बसलेलं नव्हतं, हेही खरं. त्या दोन कार्यक्रमांच्या माणसांना मी अजून सहज फोन करू शकत नाही.

सर गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी भाषणं झाली, शाल झाली, पेढे झाले. मला काही बोलायचं होतं. माईक हातात आल्यावर 'सर' एवढं म्हणून मी तिथेच अडकले. सरांनीच माझ्या हातातून माईक घेतला आणि सगळ्यांना म्हणाले, "यांना काय म्हणायचंय ते मला माहीत आहे. बसा मॅडम."

एरवी मला हवे ते शब्द सापडतात, त्या दिवशी नाही सापडले. म्हणून इथे लिहिते. माझ्यामुळे त्यांचं काम जाणार होतं, आणि ते मला जाब विचारायला आले नाहीत, शिकायला आले. माझी चूक असूनही चारचौघांत ते माझ्याच कामाच्या बाजूने उभे राहिले. मला आकडे वाचायला महाविद्यालयात शिकवलं. त्या आकड्यांच्या घरी जायला सरांनी शिकवलं.

हल्ली ते भावासोबत गुलाब करतात. परवा फोन आला, त्यांनी शेतात पर्जन्यमापक बसवलाय, रोजची नोंद वहीत करतात, तिचा आलेख कसा काढायचा? मी रविवारी लॅपटॉप घेऊन गेले. ओट्यावर शेजारी शेजारी बसून आम्ही जूनपासूनचा पाऊस एकेक दिवस भरला. मध्येच ते म्हणाले, "सरासरी आत्ता नको हं, मॅडम. आधी रोजचा बघू."