मागाच्या खड्ड्यातलं घोरणं

इंग्रज गेले त्या साली सिव्हिल लाइन्समधल्या गोऱ्या साहेबानं जाताना आपला बॉक्सर कुत्रा ड्रायव्हरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, देऊन टाकला. चपटं नाक, कपाळावर आठ्या, लोंबते ओठ. त्या थोबाडाचा मला रागच यायचा. लाडात आला की मागच्या पायांवर उभा राहून पंजांनी ठोसे मारायचा.

दुपारी मात्र सासऱ्यांच्या बंद पडलेल्या हातमागापाशी जायचा. विणणारा पाय सोडून बसतो त्या गार खड्ड्यात झोपायचा आणि म्हाताऱ्या माणसासारखा घोरायचा. कुत्रा यायच्या आधी सासरेही तिथंच डुलकी काढायचे, आणि डुलकीतच वारले. सासूबाई रोज खड्ड्याच्या काठावर चहाचा पेला ठेवत. थोड्या वेळानं तो रिकामा असे. कुत्र्याचे एवढे लाड कशाला, म्हणून मी धुसफुसायची.

एका दुपारी मी अंगणात ज्वारी निवडत होते. कुत्रा माझ्या पायाशी जागाच बसला होता. आतून, मागाच्या खड्ड्यातून, घोरणं ऐकू आलं. त्यानं मान तिरकी केली आणि हळूच माझ्या पाठीमागे सरकला.

चहा घेऊन निघालेल्या सासूबाई माझा चेहरा पाहून थांबल्या.

"काहून घाबरून राहिली वं? तुह्या कुत्र्यासाठी म्या कधी चहा ठेवला होता?"