पिशव्यांपाशी

ल्युसर्नला तळ्याकाठच्या बाकावर आम्ही पिशव्या ठेवल्या आणि त्यांच्यापाशी आईला बसवलं. तिचे गुडघे दुखतात, हे कारण आम्हीच काढलं. मग आम्ही लाकडी पूल पाहिला, बोटीतून फिरलो, आइस्क्रीम खाल्लं. परतलो तर तिने कागदावर दशम्या मांडून ठेवल्या होत्या.

"पाहून झालं का गं सगळं?" तिने मला विचारलं.

देवळाबाहेर चपला सांभाळायला आपल्याकडे घरातलं कुणीतरी थांबतं. बाकीचे दर्शन घेऊन आले की त्याला म्हणतात, आता तू जाऊन ये. लहानपणी मी थांबले की आई घाईघाईने दर्शन उरकून बाहेर यायची आणि मला आत पाठवायची.

त्या दिवशी तिला तसं कुणी म्हटलं नाही. दशमी खाता खाता मी परतीच्या गाडीची वेळ पाहत होते.