फुलंब्रीला दोघींनी शिवलेली जेन

निघायच्या आदल्या संध्याकाळी लेकीचा, रेवाचा, पुण्याहून फोन आला. ती आणि योगेश वेगळे होणार होते. भांडण नाही, पण ठरलंय, म्हणाली. योगेशच्या आईला एवढ्यात काही बोलू नकोस, तो स्वतः सांगणार आहे.

आणि मी सकाळी त्याच आईकडे निघणार होते. विहीणबाई, सुमनताई, मुकुंदवाडीला राहतात. लोकरीची जेन, म्हणजे जाडजूड पांघरूण, शिवायला या, असं त्यांनी कधीचं बोलावलं होतं. नाही म्हणावं तर कारण काय सांगणार? गेले.

नाशिक रोडहून रेल्वेनं तीन-साडेतीन तास लागतात. मुकुंदवाडीला सगळ्या गाड्या थांबत नाहीत, म्हणून संभाजीनगरच्या मोठ्या स्टेशनवर उतरून रिक्षा केली. सुमनताईंनी बाजरीची भाकरी आणि वांग्याची भाजी केली होती. जेवताना शेताबद्दल, गुडघ्यांबद्दल बोलल्या. मुलांचं नाव नाही. एरवी योगेशचं नाव घेतल्याशिवाय त्यांचा घास उतरत नाही. यांना कळलंय की काय? की मलाच तसं वाटतंय?

दुसऱ्या दिवशी एसटीनं फुलंब्री. सीट सहज मिळते, पण डिसेंबरात खिडकीशी बसू नका, वारा बोचतो. तिथं शमीमबी आणि त्यांचे यजमान जेन बनवतात. घोंगडीसारखी ही विणत नाहीत. पिंजलेली लोकर चटईवर थराथरानं पसरतात, पाणी मारतात, चटईसकट गुंडाळून पायानं दाबत राहतात. लोकर लोकरीला धरते. जायचं तर आधी निरोप द्या, माल रोज तयार नसतो. भाव मापावर ठरतो.

सुमनताईंनी आधीच सांगून ठेवलेल्या दोन पट्ट्या वाळून तयार होत्या. त्या मधोमध जोडायच्या, मग काठ शिवायचा. शमीमबींनी दाभणात लोकरीचा दोरा ओवून दिला आणि कुणासाठी आहे, विचारलं. मी सुमनताईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, घरात वापरायला. कुणाच्या घरात, ते मला कळेना.

दोघी दोन टोकांनी बसलो. जेन जाड, दाभण अडायचं. सुमनताईंचे टाके सारखे, माझे कुठं लांब, कुठं दाटीवाटीचे. शमीमबींनी दोनदा उसवायला लावले. मी मनात वाक्यं जुळवत होते. बोलले तर लेकीचा शब्द मोडतो. नाही बोलले तर ही बाई ज्यांच्यासाठी शिवतेय ते दोघं... आणि शिवतेय तरी त्यांच्याचसाठी का?

हात जवळ आले तेव्हा राहवेना. "सुमनताई, रेवाचं आणि योगेशचं—"

"मला ठाऊक हाय," त्या दाभण न थांबवता म्हणाल्या. "योगेश मागंच बोलला. तुम्हाला पोरीनं सांगितलं नसंल, असं वाटलं. मी कशाला सांगू, म्हणून गप्प होते."

"मग हे कशाला शिवतोय आपण?"

त्यांनी दोरा ओढून टाका घट्ट केला. डोळे भरले होते, पण आवाज साधाच होता. "त्यांचं ते बघतील. आपलं येणं-जाणं बंद व्हायचं का आता? मला तर तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाय बोलायला."

मला राग आला, हायसं वाटलं, रडूही आलं. शमीमबी उठून चहा ठेवायला गेल्या. उरलेले टाके आम्ही घातले. पैसे निम्मे निम्मे दिले. निघताना सुमनताईंनी जेन माझ्या हातात दिली. "या थंडीत तुमच्याकडं राहू द्या. होळीच्या आत मी न्यायला येते."

घरी आल्यावर जेन उन्हात टाकली. मेंढीचा वास दोन दिवस गेला नाही. मधली शिवण माझ्या बाजूला वाकडी आहे, पांघरल्यावर नेमकी गळ्याशी येते. ऊब मात्र चांगली.

रात्री रेवाचा फोन आला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, पण आता त्या तुझ्या कोण लागतात?"

मागच्या खोलीतल्या पलंगावर जुनी पुस्तकं साठली आहेत. सुमनताई यायच्या आत ती हलवायची आहेत, म्हणजे त्यांना निजायला जागा होईल.